आठव्या दिवसाची गाडी

ज्या गाडीला क्लच नाय ती गाडी नाय, हे मी जोसेफसाहेबांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं. गिअर माणसाने टाकायचा का गाडीने आपल्या मनाने? पण साहेब ऐकतील तर ना! मुंबईला कुठल्याशा परदेशी वकिलातीत त्यांनी जन्मभर कारकुनी केली आणि रिटायर होताना तिथलीच एक जुनी जपानी गाडी लिलावात घेऊन अष्टमीला आले. ऑटोमॅटिक. आख्ख्या रोह्यात तशी दुसरी नव्हती. किलोमीटरचा काटा कितीदा फिरून परत शून्यावर आला असेल ते देवाला माहीत. साहेबांना स्वतःला चालवता येत नव्हती, म्हणून शेजारचा मी, हिरामण, त्यांचा ड्रायव्हर झालो. आधी मी ट्रक चालवला, मग जीप. या गाडीत माझा डावा पाय नुसता बसून असायचा, आणि बसून राहणाऱ्याचा मला पहिल्यापासून राग.

कोकण रेल्वेचं काम चाललेलं तेव्हाची गोष्ट. पौष महिना, दिवस लहान. साहेबांची मुलगी रेचल बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा आधीच इस्रायलला गेला होता, पोराने जरा बाळसं धरलं की तिलाही जायचं होतं. साहेब ज्यू, आमच्याकडे त्या लोकांना शनवार तेली म्हणत. पूर्वी त्यांचे घाणे असायचे आणि शनवारी घाणा बंद म्हणजे बंद. तो त्यांचा शब्बाथ, शुक्रवारी दिवस मावळला की लागतो, मग काम नाय की गाडी नाय. एके काळी अष्टमीत त्यांची बरीच घरं होती. एकेक करून सगळी इस्रायलला गेली, राहिले साहेब आणि त्यांची बायको हन्नाबाय.

रेचलला मुलगा झाला तो शुक्रवारी. त्यांच्यात मुलाची सुंता आठव्या दिवशी करतात, आणि ती सूर्य मावळायच्या आत. जन्माचा दिवस धरून, म्हणजे पुढचाच शुक्रवार. साहेब आठवडाभर पोरासारखे नाचत होते. ज्याच्या मांडीवर ठेवून सुंता करतात त्याला मोठा मान, आणि तो मान आजोबांचा. ज्याला त्याला अडवून सांगायचे, "पोर माझ्या मांडीवर असणार हां!" मला तर रोज सांगायचे.

मुंबईहून एक तरुण डॉक्टर यायचा होता. तो डॉक्टरही आणि मोहेलही. मोहेल म्हणजे त्यांच्यातला सुंता करणारा जाणता माणूस. शुक्रवारी सकाळी सगळं तयार. खुर्चीवर पांढरी चादर घातलेली, हन्नाबाय प्रसादाच्या मलिद्याचे पोहे भिजवत बसलेली. आणि दुपारी समोरच्या दुकानात फोन आला की डॉक्टर तापाने फणफणलाय, येत नाय.

साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. मी म्हटलं, "उद्या करू या की."

"उद्या शब्बाथ! चुकलेली सुंता शब्बाथला करता येत नाय. म्हणजे थेट रविवार." साहेबांचा आवाज चिरकला. "आमच्या घरात एकाही पोराचा आठवा दिवस चुकला नाय, हिरामण. आणि या घरातलं हे शेवटचं पोर हाय."

आतून रेचल म्हणाली, "बाबा, चुकला तर चुकला." तिचं पहिलं पोर पोटातच गेलेलं. या पोराला कुणी नुसतं उचललं तरी ती मागे मागे जायची. पण साहेबांना ऐकू आलं नाय, किंवा त्यांनी ऐकलं नाय.

मग त्यांना पेणचे एलियाहकाका आठवले. म्हातारे, पण एके काळी पेण-रोहा सगळीकडच्या सुंता त्यांच्याच हातच्या. साहेबांनी फोन लावला, बोलले, आणि धावत परत आले. "हो म्हणाले! हिरामण, काढ गाडी!"

मी कपाळाला हात लावला. "साहेब, जीप बघतो. गाडीचा गिअर धड नाय, सांगितलंय ना तुम्हाला?"

"जीप शोधण्यात तास जाईल. आणि गुणाजीने परवाच काम केलंय ना?"

आता हा गुणाजी म्हणजे रोह्यातला मेस्त्री. ट्रकचं काम त्याने करावं, दुसऱ्या कुणी नाय. गाडी महिनाभर कुरकुरत होती. पहिल्यातून दुसऱ्यात जायला उशीर लावायची, इंजिन ओरडायचं आणि मग एकदम धक्का देऊन गिअर पडायचा. गुणाजीने इंजिन बंद केलं, गिअरच्या तेलाची पट्टी ओढली, फडक्याला पुसली, परत घालून परत ओढली. तेल खुणेच्या वर. म्हणाला, "घे! तेल जास्त झालंय. म्हणून गिअर जड पडतोय." आणि वरचं तेल त्याने काढून टाकलं. आमच्याकडे ट्रक असो, जीप असो, तेल बघायचं ते इंजिन बंद करून, गाडी थंड करून. बापजाद्यांपासून असंच.

तर निघालो. भिसे खिंड, नागोठणे, वडखळ, पेण. जाताना गाडी रिकामी होती. गिअर उशिरा पडत होते, पण पडत होते. मी मनात म्हणत होतो, बाई, आजचा दिवस काढ, उद्या तुला हार घालीन.

एलियाहकाका दारातच उभे होते, काळा कोट, डोक्यावर टोपी, हातात चामड्याची छोटी पेटी छातीशी धरलेली. मागच्या सीटवर बसले आणि पेटी मांडीवर ठेवून दोन्ही हात तिच्यावर दाबून धरले. मी म्हटलं, "काका, दिवस मावळायच्या आत पोचवतो." ते म्हणाले, "सावकाश चालव. घाई नको."

घाई नको! अहो, घाईसाठीच तर आलोय!

वडखळच्या अलीकडे पहिला दणका बसला. एका ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला तर इंजिन भोंग्यासारखं ओरडलं आणि गाडी तिथल्या तिथे. समोरून एस.टी. येत होती. कशीबशी बाजूला घेतली.  गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. पट्टी ओढली. तेल बरोब्बर खुणेवर. वास घेतला तर करपट, दूध उतू गेल्यावर घरात येतो तसा. तेल आहे, मग गिअर का धरत नाय? डोक्याचा भुगा झाला. तेल खुणेवर म्हणजे तेलाचा दोष नाय. मग गिअरच्या आतल्या प्लेटा झिजून गेल्या असतील. त्या गेल्या तर मुंबईशिवाय इलाज नाय.

काका खिडकीतून म्हणाले, "परत जाऊ या का?"

"परत? काका, पोर वाट बघतंय!"

त्यांनी काच वर केली.

थोडं थांबल्यावर गाडी निघाली ती मात्र शहाण्यासारखी. मला वाटलं सुटलो. नागोठणे जवळ आलं तसा परत तोच तमाशा. गरम झाली की घसरते, थांबवून थंड केली की चालते. आणि दर वेळी थंड करून, इंजिन बंद करून तेल बघावं तर पट्टी म्हणते सगळं ठीक. माणूस खोटं बोलला तर त्याच्या कानाखाली तरी वाजवता येते, या पट्टीचं काय करणार? ऊन पिवळं झालं होतं. मी सारखा सूर्याकडे बघत होतो आणि दर वेळी तो बोटभर खाली आलेला.

खिंडीचा चढ सुरू झाला. पहिल्या वळणाला ठीक. दुसऱ्याला इंजिन किंचाळायला लागलं. तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी गाडी उभीच राहिली. पाय दाबतोय, इंजिन बोंबलतंय, आणि गाडी हळूच मागे सरकतेय. मी हँडब्रेक ओढला. मागे दरी. काका डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते.

मी खाली उतरून चाकाला दगड लावला. दांडा पार्किंगला टाकला आणि चावीकडे हात नेला तर काका एकदम ओरडले, "बंद करू नकोस!"

"अहो, तेल बघायचंय."

"बंद केलीस आणि परत चालू झाली नाही तर? दिवस मावळला की मला गाडीत बसता येणार नाही. शब्बाथ या खिंडीत काढू का मी, माकडांबरोबर? बंद करू नकोस, तुला सांगतो!"

मला एवढा राग आला म्हणून सांगू! एकतर गाडीने जीव खाल्लाय, त्यात हा म्हातारा मला शिकवतोय. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. पाहुणा माणूस, वयाने मोठा. म्हटलं, जाऊ दे. घ्या, नाय करत बंद. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं, शर्टाची बाही सांभाळत पट्टी ओढली.

पट्टीच्या टोकाला तेलाचा थेंब नव्हता.

मी पुसून परत घातली. परत ओढली. कोरडी. एवढा वेळ खुणेवर दिसणारं तेल गेलं कुठे? खाली वाकून बघितलं, रस्त्यावर गळलेलं काहीच नाय. मग मी इंजिन बंद केलं. काकांनी "अरे अरे" म्हणून हात जोडले, पण मला राहवेना. जरा थांबून पट्टी ओढली तर तेल हळूहळू वर आलेलं! परत चालू केलं, खाली गेलं.

मी तिथेच दगडावर बसलो आणि हसायला लागलो. हसू कसलं, रडूच ते. इंजिन चालू झालं की या गाडीचा पंप तेल वर ओढून गिअरमध्ये खेळवतो, बंद केलं की सगळं तेल खाली येऊन बसतं. हिचं तेल चालू इंजिनावर बघायचं असतं! आम्ही सगळे ट्रकवाले बंद करून बघत राहिलो, आणि गुणाजीने तर होतं नव्हतं तेच काढून टाकलं. प्लेटा शाबूत होत्या. बाई बिचारी उपाशी होती.

"काका, सापडलं! तेल कमी हाय!"

"मग घाल ना."

"कुठून घालू?"

ते म्हणाले, "शनवार तेल्याची गाडी, आणि तेलावाचून अडली." मला हसू आलं, त्यांना नाय आलं.

तेवढ्यात मागून घरघर आली. रेल्वेच्या कामावरचा डंपर, खडी घेऊन रोह्याकडे चाललेला. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. ड्रायव्हर शिवा म्हणून होता, तोंडात तंबाखू, डोळ्यांत झोप. आधी त्याने मला सणसणीत शिवी घातली, मग खाली उतरला. मी सांगितलं, आठव्या दिवसाचं पोर, सूर्य, खिंड, सगळं एका दमात. त्याला अर्धं कळलं असेल. पण डंपरचा मागचा हौदा उचलणाऱ्या जॅकचं पातळ तेल त्याच्याकडे डब्यात होतं.

"हे चालंल का पण?" त्याने विचारलं.

"आजच्या दिवसाला चालवू. नायतर तशीही ही मेलीच हाय."

पट्टीची नळी ती केवढी, करंगळीएवढी. शिवाने आपली एक रबरी नळी आणि छोटं नरसाळं आणलं. इंजिन चालू. मी डबा धरला, शिवा बॉनेट सांभाळत होता, आणि काकांना मी म्हटलं, "तुम्ही जरा नरसाळं धरा, हलू देऊ नका."

मी तेल ओतायला लागलो आणि नरसाळं हललं. तेल बाहेर सांडलं, तापलेल्या इंजिनावर पडून धूर निघाला. "काका, घट्ट धरा." परत हललं, परत सांडलं. मी वर बघितलं. काकांनी दोन्ही हातांनी नरसाळं धरलेलं, ओठ आवळलेले, कपाळावर घाम. आणि दोन्ही हात थरथरत होते. थंडीने थरथरतात तसे नाय. म्हाताऱ्याचे हात थरथरतात तसे, न थांबता.

शिवाने त्यांच्या हातातून नरसाळं काढून घेतलं. "राहू दे, काका, मी धरतो." काका बाजूला झाले आणि हात कोटाच्या खिशात घातले.

पट्टी खुणेवर आली, चालू इंजिनावर. शिवाने हात केला आणि गेला. मी दांडा टाकला. गाडीने गिअर धरला तो असा की माझीच पाठ सीटला लागली. तिसरं वळण, चौथं, खिंडीचा माथा. एकही हिसका नाय. मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते हात होते.

त्या हातांत सुरी असणार होती. आणि सुरीखाली रेचलचं पोर.

उतार लागला तशी मी आरशात बघितलं. काका पेटीवर हात दाबून बसले होते. आता कळलं मला की ते हात का दाबून धरतात. मी विचारलं, "काका, थंडी वाजतेय का?"

"हो. थंडी फार आहे."

"शेवटची सुंता कधी केलीत?"

ते म्हणाले, "आठवत नाही नीट. पेणमध्ये मुलगे जन्माला यायचेच थांबले रे. माणसंच गेली. आधी मी महिन्यात दोनदा-तीनदा जायचो. लोक घ्यायला यायचे, पाय धुवायला पाणी ठेवायचे. मग वर्षात एखादी. मग नाहीच." थोडं थांबून म्हणाले, "आज जोसेफचा फोन आला. किती वर्षांनी कुणीतरी मला विचारलं. माझ्या तोंडून हो निघून गेलं. नाही म्हणायला जीभच वळली नाही."

मला म्हाताऱ्याची कीव आली आणि त्याच वेळी असा संताप आला की गाडी थांबवून खाली उतरवावं. एवढा वेळ मी जिवाच्या आकांताने गाडी पळवतोय, आणि मागे बसलेला माणूस मनातून म्हणतोय की ही न पोचली तर बरं! आणि आता गाडी नीट झाली होती. मगाशी नवस बोलत होतो की पोचू दे. आता वाटायला लागलं, पोचलो नसतो तर बरं झालं असतं. साहेबांना काय सांगायचं? आणि मी कोण सांगणारा? त्यांचा धर्म, त्यांचा आठवा दिवस, मी आपला ड्रायव्हर. पण रेचलने त्या पोराला कसं धरलं होतं ते मी बघितलेलं. म्हटलं, हिरामण, हा बोलला नाय तर तू बोलायचं. साहेबांनी चपलेने मारलं तरी बोलायचं.

रोहा आलं. कुंडलिकेचा पूल ओलांडला तेव्हा पाण्यावर ऊन अजून होतं. अष्टमीत शिरलो तर साहेब रस्त्यावरच उभे, हात वर करून. "आला! आला! अजून वेळ हाय!" गाडीचं दार त्यांनी स्वतः उघडलं, काकांना धरून आत नेलं. मीही मागोमाग गेलो. 

आत सगळे उभे. हन्नाबाय, रेवदंड्याहून आलेले साहेबांचे दोन मेहुणे, दाराशी शेजारपाजारचे. साहेब जाऊन त्या पांढऱ्या चादरीच्या खुर्चीवर बसले आणि मांडी सारखी केली. रेचल आतल्या दारात, पोर छातीशी.

मी तोंड उघडलं. "साहेब…"

"थांब रे, नंतर!"

काकांनी पेटी टेबलावर ठेवली. उघडली नाय. रेचलच्या समोर जाऊन उभे राहिले आणि कोटाच्या खिशातून दोन्ही हात काढून तिच्यापुढे धरले.  हात थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते.

"मुली," ते म्हणाले, "बघ हे. या हातांनी तुझ्या मुलाला मी हात लावणार नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर आठवा दिवस थांबतो, असं आपलं शास्त्रच सांगतं. मी हे फोनवर सांगायला हवं होतं. माझ्याने सांगवलं नाही."

रेचल त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला, पोर तसंच छातीशी धरून. तिला हुंदका आवरेना.

साहेब खुर्चीवरून उठले. मला वाटलं आता फुटणार. त्यांचा चेहरा लालबुंद झालेला, हनुवटी हलत होती. "दिवसभर…" ते म्हणाले, "दिवसभर मी…" पुढचं आलं नाय. खिडकीतून त्यांनी बाहेर बघितलं. डोंगराच्या कडेला उजेड तेवढा राहिला होता. हन्नाबाय हळूच म्हणाली, "अवो, शब्बाथचा दिवा लावायची वेळ झाली."

साहेबांनी खिडकीकडे पाठ केली. मग काकांचे हात आपल्या हातांत घेतले आणि तसेच धरून ठेवले.

"रविवारी," ते म्हणाले. "त्या डॉक्टरचा ताप उतरला तर तो, नायतर दुसरा कुणी. पण तुम्ही आता जायचं नाय, एलियाहकाका. शब्बाथ आमच्याकडेच. आणि रविवारी पोर तुमच्या मांडीवर."

काका दचकले. "अरे, तो मान तुझा. आजोबाचा. तू कुठे बसणार?"

"मी उभा राहीन की बाजूला. माझंच घर हाय, मला उभं राहायला जागा नाय का?"

म्हातारा खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. साहेब त्याच्या शेजारी उभे राहिले, हात त्याच्या खांद्यावर ठेवून, जणू आताच रविवार आहे.